पोवळ्यांची बेटे आणि त्यांना लागणारे पाणी

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी, आजीच्या किंवा पणजीच्या पेटीत, लाल पोवळ्यांची एखादी सर अद्याप जपून ठेवलेली असेल. क्वचित एखाद्या घरी पोवळ्याच्या मण्यांची जपमाळही असेल. हे पोवळे खाणीतून निघत नाही, समुद्रातून निघते, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु ते दगड आहे, झाड आहे की प्राणी आहे, असा प्रश्न केला तर चांगली जाणती माणसेही क्षणभर घुटमळतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. युरोपातील मोठमोठ्या पंडितांनाही या प्रश्नाचे उत्तर १८व्या शतकापर्यंत सापडले नव्हते. फ्रान्समधील मार्सेय येथील पेसोनेल नावाच्या डॉक्टराने असे कळविले, की पोवळ्याच्या फांदीवर जी फुले दिसतात ती फुले नसून जिवंत प्राणी आहेत. हे म्हणणे त्या काळी इतके चमत्कारिक वाटले, की पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ते मांडणाऱ्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने पेसोनेलचे नाव उघड करण्याचे टाळले. पुढे पेसोनेलचेच खरे ठरले. पोवळे हा प्राणीच होय.

आपल्या दागिन्यांतील लाल पोवळे पूर्वापार भूमध्य समुद्रातून आपल्याकडे येत आले आहे. रोमन लोकांना मोत्यांचे जेवढे वेड, तेवढेच हिंदुस्थानातील लोकांना पोवळ्यांचे, असे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकातच लिहून ठेविले आहे. हे लाल पोवळे खडकांच्या सावलीत, थंड व अंधाऱ्या पाण्यात वाढते. मात्र आज आम्हांस लिहावयाचे आहे ते त्याच्या भाऊबंदांविषयी. हे भाऊबंद उबेत व उजेडात वाढतात, आणि केवळ मणी देऊन थांबत नाहीत, तर समुद्रात भिंती बांधतात, बेटे उभी करतात. त्या बेटांवर माणसे राहतात. आपल्याच देशातील लक्षद्वीपात २०११ सालच्या जनगणनेनुसार ६४ हजारांहून अधिक माणसे अशा पोवळ्यांनी बांधलेल्या जमिनीवर घरे करून राहत होती. म्हणून या गवंड्यांना कसले पाणी लागते, आणि ते पाणी बिघडले तर काय होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

गवंडी आणि त्याचा सोबती

पोवळ्याचा एकेक जीव बहुधा अगदी लहान, कित्येकदा तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. शरीर म्हणजे एक मऊ पिशवी. तिला वर तोंड आणि तोंडाभोवती बारीक बारीक भुजा. हा प्राणी जेलीफिशच्या गोत्रातला आहे. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला चुना शोषून घेऊन तो आपल्याभोवती दगडी वाटी घडवितो आणि त्या वाटीत बसून राहतो. एका जिवापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, असे करीत हजारो जीव एकमेकांस चिकटून वसाहत करतात. जुने मरतात, त्यांच्या दगडी वाट्या मागे राहतात, आणि त्यांवर नवे जीव बांधकाम पुढे चालू ठेवतात. गोलमटोल, भरीव जातीचे पोवळे वर्षाला जेमतेम एक-दोन सेंटीमीटर किंवा त्याहूनही कमी वाढते. फांद्या फुटणारी जात वर्षाला दहा सेंटीमीटरपर्यंत वाढू शकते. अशा गतीने हजारो वर्षे काम चालते, तेव्हा कोठे प्रवाळभित्ती तयार होते. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत अशा भित्तींची जी रांग आहे, ती सुमारे २,३०० किलोमीटर लांब आहे.

एवढे बांधकाम करावयास बळ कोठून येते? रात्री भुजा पसरून हा जीव पाण्यातील सूक्ष्म प्राणी पकडतो खरा. पण तेवढ्याने त्याचे पोट भरत नाही. त्याच्या शरीराच्या आतच एक सूक्ष्म शेवाळ वस्तीस असते. झाडाच्या पानाप्रमाणे हे शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील बराच मोठा वाटा घरमालकास देते. पोवळ्याच्या पोषणाचा नऊदशांशपर्यंत भाग या सोबत्याकडून येऊ शकतो. त्याच्या मोबदल्यात शेवाळास निवारा मिळतो आणि पोवळ्याच्या शरीरातून बाहेर पडणारी द्रव्ये खत म्हणून मिळतात. पोवळ्याचा पिवळसर, तपकिरी, हिरवट रंगही पुष्कळ अंशी या शेवाळाचाच. ही सोबत वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सारी हकीकत तिच्याभोवतीच फिरते.

पाण्याच्या अटी

पहिली अट उबेची. बेटे बांधणाऱ्या पोवळ्यांना साधारणतः २३ ते २९ अंश सेल्सिअस उष्णतेचे पाणी मानवते. १८ अंशांच्या खाली पाणी फार काळ राहिले तर ती तग धरीत नाहीत. म्हणून पृथ्वीच्या गोलावर पाहिले, तर प्रवाळभित्ती विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस साधारणतः ३० अंश अक्षांशांपर्यंतच आढळतात. त्यातही सर्वत्र नाहीत. दक्षिण अमेरिकेत पेरूच्या किनाऱ्याने आणि आफ्रिकेत नामिबियाच्या किनाऱ्याने थंड प्रवाह वाहतात. तेथे उष्ण कटिबंध असूनही भित्ती बांधल्या जात नाहीत. उलटपक्षी अटलांटिक महासागरातील बर्म्युडा बेटे ३२ अंश उत्तरेस असूनही तेथे भित्ती आहेत, कारण गल्फ स्ट्रीम नावाचा उष्ण प्रवाह तेथवर ऊब आणून पोहोचवितो.

दुसरी अट उजेडाची. सोबती शेवाळास ऊन हवे, म्हणून घरमालकासही उथळ पाण्यातच राहणे भाग पडते. भित्ती बांधण्याचे बहुतेक काम ५० मीटर खोलीच्या आतच चालते. लाल पोवळ्याच्या शरीरात असा सोबती नसतो, म्हणूनच त्याला अंधार चालतो.

तिसरी अट मिठाची. हजार भाग पाण्यात ३२ ते ४२ भाग क्षार असावेत, अशी पोवळ्यांची साधारण मर्यादा आहे. नदीचे गोडे पाणी त्यांना सोसत नाही.

चौथी अट स्वच्छतेची. गाळ आला की तो उजेड अडवितो आणि जिवांच्या तोंडावर बसून त्यांना गुदमरवितो. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या मुखाशी समुद्र उबदार आहे, उथळही आहे. परंतु तेथे गोड्या पाण्याचा आणि गाळाचा एवढा लोट येतो, की प्रवाळभित्तीचा मागमूसही नाही.

पाचवी अट ऐकून आमच्या शेतकरी वाचकांस नवल वाटेल. पोवळ्यांना कसदार पाणी नको असते. शेतातील खते आणि गावातील सांडपाणी समुद्रात मिसळले, की मोठे शेवाळ माजते आणि पोवळ्यांना झाकून टाकते. पोपटमाशासारखे शेवाळ खाणारे मासे असतील तर ते साफसफाई करतात. त्यांची बेसुमार पकड झाली तर तोही उपाय राहत नाही.

आपला किनारा

या अटी मनात ठेवून आपल्या किनाऱ्याकडे पाहिले म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. मृगाचा पाऊस सुरू झाला, की गोव्यात मांडवी आणि झुवारी यांचे पाणी तांबडेलाल होते. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या कोकणातील साऱ्या नद्यांची तीच गत. ते पाणी समुद्रात कितीतरी दूरवर पसरलेले दिसते. मीठ कमी, उजेड नाही आणि वर मातीचा थर. अशा ठिकाणी पोवळ्याने घर कसे करावे? म्हणून या लांबच लांब किनाऱ्यावर मोठी प्रवाळभित्ती नाही. जेथे खडकाळ आडोसा मिळाला, तेथे मात्र लहान लहान वस्त्या टिकून आहेत. मालवण येथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास अशी पोवळी आहेत. त्या भागात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर करण्यात आले. गोव्यात वास्कोजवळच्या ग्रँड बेटालगतही ती आढळतात. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर समुद्राखाली एक उंच पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली वीस-बावीस मीटरच्या सुमारास आहे. नद्यांचा गाळ तेथवर पोहोचत नसल्यामुळे पाणी निर्मळ आहे, आणि पोवळी चांगली वाढली आहेत.

वडोदऱ्याच्या बाजूच्या वाचकांस जामनगरचा किनारा जवळचा. कच्छच्या आखातात ओहोटीच्या वेळी पाणी इतके मागे हटते, की नरारा येथे पायी चालत जाऊन पोवळी पाहता येतात. उन्हाळ्याचा ताव, हिवाळ्याचा गारठा, उघडे पडणे आणि गढूळपणा, हे सारे सोसणाऱ्या मोजक्या चिवट जातीच तेथे उरल्या आहेत. त्या भागात १९८२ साली देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. आमच्या घरांतील जी माणसे नोकरीनिमित्त इराणी आखाताच्या काठी जाऊन राहिली आहेत, त्यांच्या समोरच्या समुद्रातही पोवळी आहेत आणि उन्हाळ्यात ३४ अंशांच्याही वर जाणाऱ्या पाण्यात ती जगतात. पण तेथील पोवळ्यांस हजारो वर्षांच्या सवयीने जे जमले, ते इतर ठिकाणच्या पोवळ्यांस एकदोन वर्षांत जमेल, असे मात्र कोणी समजू नये.

पूर्वेकडे तामिळनाडूत मन्नारचे आखात आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली ज्या मोत्यांच्या किनाऱ्यावर कोळी लोकांत राहावयास गेले, तोच हा किनारा. येथे पोवळ्यांनी वेढलेली २१ बेटे होती. चुनाभट्ट्यांसाठी आणि घरबांधणीसाठी तेथील पोवळी वर्षानुवर्षे खणून नेण्यात आली. परिणामी दोन बेटे पाण्याखाली गेली. भोवतालची भिंत काढून नेल्यावर लाटांनी बेटाची माती धुऊन नेली, एवढाच त्याचा अर्थ. देशातील सर्वांत विस्तीर्ण भित्तींपैकी काही अंदमान-निकोबारच्या भोवती आहेत. आता आपण लक्षद्वीपाकडे वळू, कारण तेथे पोवळे किनाऱ्याला चिकटून नाही. तेथे पोवळे हाच किनारा आहे.

पोवळ्यांवर वसलेला मुलूख

केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटर दूर, अरबी समुद्रात ही बेटे विखुरली आहेत. सर्व बेटांची जमीन एकत्र केली तरी ती अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते. त्यांपैकी दहा बेटांवर लोकवस्ती आहे. भोवती भित्तीचे कंकण, आत उथळ, निळसर, शांत पाण्याचे तळे, ज्यास लगून म्हणतात, आणि त्या कंकणाच्या एका बाजूस वाळूचे चिंचोळे बेट, अशी बहुतेकांची रचना आहे.

असे कंकण समुद्राच्या मध्यभागी कसे उभे राहते, हे कोडे चार्ल्स डार्विन याने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उलगडले. ज्वालामुखीचा डोंगर समुद्रातून वर आलेला असतो. त्याच्या काठाने पोवळी वाढतात. डोंगर हळूहळू खचत जातो, आणि पोवळी उजेड सुटू नये म्हणून वर वर बांधीत जातात. शेवटी डोंगर बुडतो, कंकण तेवढे उरते. डार्विनचे हे अनुमान १९५२ साली प्रत्यक्ष पडताळून पाहण्यात आले. पॅसिफिक महासागरातील एनिवेटोक येथील कंकणात भोक पाडीत गेले असता, सुमारे १,४०० मीटर खोलीवर चुनखडक संपून ज्वालामुखीचा खडक लागला. इतक्या खोल पाण्यात तर ही पोवळी जगत नाहीत. म्हणजे तळ खचत गेला आणि गवंडी वर बांधीत गेले, हेच खरे.

लक्षद्वीपाची बहुतेक जमीन समुद्रसपाटीहून एक-दोन मीटरच उंच आहे. पावसाळ्यातील लाटा भित्तीवर आदळून फुटतात, म्हणून घरे शाबूत राहतात. बेटावरील वाळू म्हणजे मोडक्या पोवळ्यांचा व शिंपल्यांचा चुराच. तेथे एकही नदी नाही. पावसाचे पाणी त्या सच्छिद्र जमिनीत मुरते आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर, वजनाने हलके असल्यामुळे, पातळ थर करून राहते. विहिरींना लागते ते हेच पाणी. बेटाची कड खचली किंवा समुद्राचे पाणी जमिनीवर चढले, की हा गोडा थर खारावतो. लोकांचा मुख्य धंदा मासेमारीचा. कुपा मासा ते गळाच्या काठीने एकेक करून पकडतात. त्यासाठी लागणारे जिवंत आमिष, म्हणजे लहान मासे, लगूनमधून आणि पोवळ्यांच्या आसऱ्यातून धरतात. घर, विहीर आणि धंदा या तिन्ही गोष्टी अशा रीतीने एका चिमुकल्या जिवाच्या हवाली आहेत.

एका अंशाचा ताप

माणसाच्या अंगाची उष्णता दोन-तीन अंशांनी वाढली, की आपण अंथरूण धरतो. पोवळ्याचे तसेच आहे, किंबहुना ते अधिक नाजूक आहे. एखाद्या ठिकाणी भर उन्हाळ्यात पाणी नेहमी जितके तापते, त्याहून केवळ एक अंश अधिक तापले आणि तीन-चार आठवडे तसेच राहिले, तर पोवळे आजारी पडते. आतील शेवाळाचे काम बिघडते, त्यातून विषारी द्रव्ये तयार होऊ लागतात, आणि पोवळे त्या सोबत्यास बाहेर घालविते. रंग जातो, पारदर्शक अंगातून खालचा चुना पांढरा दिसू लागतो. या स्थितीत पोवळे मेलेले नसते, उपाशी असते. पाणी लवकर निवले तर शेवाळ पुन्हा वस्तीस येते. न निवले तर उपासमारीने अंत होतो.

ही व्याधी जगभर एकाच वेळी पसरल्याचे प्रथम १९९८ साली दिसून आले. त्यानंतर २०१० साली, मग २०१४ ते २०१७ या काळात, आणि चौथ्यांदा २०२३ सालापासून. या चौथ्या साथीची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली. लक्षद्वीपात ऑक्टोबर २०२३ पासून पाणी नेहमीपेक्षा तापत राहिले, आणि मे २०२४ मध्ये कोची येथील केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेने तेथील पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडल्याचे कळविले. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांलगत १९९८ पासून २४ वर्षे केलेल्या निरीक्षणांत, जिवंत पोवळ्यांनी व्यापलेला भाग सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास उतरल्याचे आढळले आहे. चांगली भित्तीही अशा आघातातून सावरावयास दहा वर्षांच्या आसपास घेते. आता दोन आघातांमध्ये तेवढी उसंतच मिळत नाही.

याचे मूळ कारण दूर कोठे शोधावयास नको. कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने हवेत जो कार्बन डायऑक्साइड वायू साठतो, त्याने पृथ्वीची ऊब वाढते आणि त्यातील फार मोठा भाग समुद्र पोटात घेतो. हाच वायू पाण्यात विरघळून पाण्याचा क्षारीपणाही कमी करतो, त्यामुळे चुना घडविणे पोवळ्यांस अधिक जड जाते. औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने पृथ्वीची उष्णता दीड अंशाने वाढली, तर जगातील प्रवाळभित्तींपैकी ७० ते ९० टक्के नाहीशा होतील, आणि दोन अंशांनी वाढली तर जवळजवळ सर्वच जातील, असा इशारा हवामानविषयक आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाने २०१८ साली दिला आहे.

डार्विनच्या डोंगराची गोष्ट येथे पुन्हा आठवावी. तळ खचत असता गवंडी वर बांधीत गेले, म्हणून कंकण टिकले. आज तळ खचण्याऐवजी समुद्राची पातळी चढत आहे. गवंडी जिवंत आणि निरोगी असतील तर ते याही वेळी पाण्याबरोबर वर बांधीत जाण्याचा प्रयत्न करतील. ते मेले तर उरलेली भिंत लाटांनी झिजत जाईल. लक्षद्वीपातील बंगारमच्या कंकणातील परळी नावाचे एक लहानसे निर्जन बेट संपूर्ण झिजून गेल्याचे २०१७ साली जाहीर झाले. त्यावर कोणाचे घर नव्हते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आपल्या हातचे

समुद्राचा ताप आपण एकटे उतरवू शकत नाही, हे खरे. तो कमी करण्याचे काम राष्ट्राराष्ट्रांचे आहे, आणि त्यांच्याकडे ते मागत राहणे हे नागरिक म्हणून आपले काम आहे. तथापि आजारी माणसास ताप उतरेपर्यंत निदान धूर, धूळ आणि उपासमार यांपासून दूर ठेवणे घरच्यांच्या हाती असतेच. डोंगर उघडे पडले की गाळ वाढतो. म्हणून ओढ्याकाठची झाडी राखावी. गावाचे सांडपाणी तसेच खाडीत सोडू नये, आणि ग्रामसभेत हा विषय निघेल तेव्हा गप्प बसू नये. मालवणास किंवा ग्रँड बेटाकडे मुलांना घेऊन गेल्यास पाण्याखाली पोवळ्यांवर पाय देऊ नये, त्यांना हात लावू नये, आणि नावाड्याने नांगर वाळूत टाकावा असे त्यास सांगावे. सहलीची आठवण म्हणून पोवळ्याचा पांढरा तुकडा विकत घेऊ नये. २००१ सालापासून भित्ती बांधणाऱ्या पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले आहे, आणि ती काढणे व विकणे गुन्हा आहे.

वाचकहो, पेटीतील पोवळ्यांची सर पुढच्या वेळी बाहेर काढाल, तेव्हा मुलांना जवळ बोलावून ही हकीकत सांगा. मणी लहान आहे आणि तो करणारा जीव त्याहूनही लहान आहे. पण त्याच्याच एका भाऊबंदाच्या बांधकामावर, अरबी समुद्रात, आपल्यासारखीच काही हजार माणसे आज रात्री दिवा मालवून झोपी जातील.